चालत्या यंत्राची नाडी

१२ मे २०१७, शुक्रवार. त्या दिवशी जगातील सुमारे दीडशे देशांत संगणकांच्या पडद्यांवर एक लाल चौकट उमटू लागली. साऱ्या फायलींना कुलूप लागले आहे, किल्ली हवी असल्यास तीनशे डॉलर भरावेत, अशा अर्थाचा मजकूर तीत होता. ब्रिटनमधील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या; आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक या तडाख्यात सापडले. ‘वॉनाक्राय’ हे त्या उपद्रवी आज्ञावलीचे नाव. तिने घातलेले कुलूप गणिताच्या बळावर फोडणे कोणालाही शक्य नव्हते. तथापि आठवडाही उलटला नव्हता, तोच आद्रियें गिने या फ्रेंच संशोधकाने काही संगणकांपुरती ती किल्ली शोधून काढली. त्याने ती चोरांकडून मिळवली नाही, की गणिताचे नवे तत्त्वही शोधले नाही. किल्ली त्या संगणकातच, त्या दुष्ट आज्ञावलीच्या स्वतःच्या स्मृतीत पडून राहिली होती. आज्ञावली अजून चालू होती, आणि चालू असलेल्या आज्ञावलीची स्मृती वाचता येते, एवढ्या एका गोष्टीवर त्याची सारी युक्ती उभी होती.

ही गोष्ट आज संगणकाच्या विद्यार्थ्याला वीस-पंचवीस ओळींची एक छोटी स्क्रिप्ट लिहून करून पाहता येते. परंतु तिच्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. यंत्राच्या पोटात पाहावे कसे, हा त्या इतिहासातील पहिला प्रश्न. आणि पाहण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा. पहिला प्रश्न जसजसा सुटत गेला, तसतसा दुसरा अधिक बिकट होत गेला.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. तबकडीवर साठवून ठेवलेली आज्ञावली आणि चालू असलेली आज्ञावली यांत नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग यांच्याइतके अंतर आहे. संहिता कपाटात स्वस्थ पडून असते. तिच्यात काय लिहिले आहे ते कोणीही, केव्हाही वाचावे. प्रयोग मात्र त्या त्या रात्रीचा असतो. कोणते पात्र कोठे उभे आहे, कोणाच्या हातात कोणते पत्र आहे, हे संहितेवरून कळत नाही. ते रंगमंचावर पाहावे लागते. चालू असलेल्या आज्ञावलीला संगणकशास्त्रात ‘प्रोसेस’ म्हणतात, आणि संगणकाची स्मृती हा तिचा रंगमंच. या स्मृतीत ओळीने कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याला क्रमांकाचा पत्ता असतो आणि प्रत्येक कप्प्यात एक लहानशी संख्या असते. अक्षरे, चित्रे, हिशेब, गुप्त शब्द, सारे काही अखेर या संख्यांच्याच रूपाने तेथे वावरते. प्रयोग संपला की मंच दुसऱ्याला दिला जातो. मात्र तो झाडून दिला जातोच असे नाही, आणि या कथेतील बरेचसे नाट्य नेमके तेथेच आहे.

पहिल्या यंत्राच्या बाबतीत स्मृती वाचण्यासाठी कोणतीही युक्ती लागत नव्हती. ती डोळ्यांना दिसतच असे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी एक लहान गणकयंत्र उभारले होते. स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली चालवणारे हे पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र. २१ जून १९४८ रोजी त्याच्यावर पहिली आज्ञावली यशस्वीपणे चालली. त्याची स्मृती म्हणजे दूरचित्रवाणीच्या नळीसारखी एक काचेची नळी. तिच्या पडद्यावर विद्युद्भाराचे ठिपके उमटवून ३२ ओळींत प्रत्येकी ३२ चिन्हे साठवलेली असत. हा भार क्षणार्धात विरून जाई, म्हणून यंत्र तो अखंड वाचून पुन्हा पुन्हा लिहीत राही. साठवणीच्या नळीच्या तोंडावर धातूचा पत्रा बसवावा लागत असल्यामुळे ती झाकली जाई. तेव्हा तिला जोडून दुसरी, पाहण्याची नळी ठेवलेली होती. त्या दुसऱ्या नळीवर यंत्राची समग्र स्मृती ठिपक्यांच्या रूपाने झळकत असे.

पुढे प्रसिद्ध झालेल्या एका गणितात त्या यंत्राने १७ आज्ञांच्या आधारे २,६२,१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधला. त्यासाठी त्याने ५२ मिनिटे घेतली आणि सुमारे ३५ लाख क्रिया केल्यानंतर १,३१,०७२ हे उत्तर दिले. उत्तर छापण्याची सोयच नव्हती. ते त्या पडद्यावरील ठिपक्यांतूनच वाचावयाचे. म्हणजे संगणकाच्या जन्माच्या वेळी उत्तर वाचणे आणि चालत्या यंत्राची स्मृती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. यंत्र एक, आज्ञावली एक, पाहणारे तिघेचौघे, आणि लपवण्यासारखे काहीच नाही, असा तो साधा काळ होता.

परंतु हा साधेपणा फार काळ टिकला नाही. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एडसॅक’ यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत असे. या यंत्रावर खरेखुरे शास्त्रीय प्रश्न सोडवावयाचे होते, आणि लवकरच एक अनपेक्षित सत्य प्रत्ययास आले. विल्क्स यांनी एका समीकरणासाठी १२६ ओळींची आज्ञावली लिहिली. तिच्यात सुमारे वीस चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावलीतील चुका हुडकण्यात जाणार, ही जाणीव त्या दिवसांत एकदा जिन्याने जाता-येता आपल्याला झाली, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही जाणीव एकट्या विल्क्स यांच्या वाट्याची राहिली नाही. पुढे तो एका संपूर्ण व्यवसायाचाच अनुभव ठरला.

चूक शोधण्याचा एक मार्ग म्हणजे यंत्र एकेक पाऊल चालवून पडद्यावरील ठिपके न्याहाळत बसणे. यात यंत्राचा बहुमोल वेळ वाया जाई आणि रांगेतील इतर संशोधक तिष्ठत राहत. तेव्हा स्टॅन्ली गिल या तरुण गणितज्ञाने एडसॅकवरील आज्ञावल्यांच्या चुकांच्या निदानावर १९५१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. निदान हा वैद्यकातील शब्द त्याने सहज वापरला होता, आणि पुढील परिभाषाही त्याच क्षेत्रातून आली. आज्ञावली अडखळून थांबली की स्मृती न पुसता दुसरी एक छोटी आज्ञावली यंत्रात घालावयाची. ती पहिलीच्या कप्प्यांतील मजकूर कागदावर छापून देई. केंब्रिजचे लोक हिला ‘पोस्ट-मॉर्टेम’, म्हणजे शवविच्छेदन म्हणत. याखेरीज गिल याने दुसराही प्रकार वर्णिला होता. त्यात तपासणारी आज्ञावली तपासावयाच्या आज्ञावलीची एकेक आज्ञा स्वतःच्या देखरेखीखाली पार पाडून घेई आणि काय चालले आहे त्याची नोंद करी. पहिला प्रकार मृताची चिकित्सा करणारा. दुसरा जिवंताची नाडी पाहणारा. आजही या शास्त्राच्या याच दोन शाखा आहेत. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या टप्प्यावर माणसाच्या डोळ्याची जागा दुसऱ्या एका आज्ञावलीने घेतली. एका आज्ञावलीने दुसरीच्या स्मृतीत डोकावावे, ही कल्पना येथे रुजली.

१९५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या ‘व्हर्लविंड’ यंत्रात फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची चुंबकीय स्मृती बसवली गेली आणि लवकरच तिचा सर्वत्र प्रसार झाला. प्रत्येक कडे म्हणजे ‘कोअर’ एकेक चिन्ह सांभाळी, आणि वीज गेली तरी ते विसरत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तंत्रज्ञांनी बांधलेल्या आणि १९६० साली कार्यान्वित झालेल्या यंत्रातही याच कड्यांची स्मृती होती. तीत ४० चिन्हांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द मावत. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्या यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. आज खिशातील साध्या दूरध्वनीची स्मृती त्याच्या लाखो पटींनी मोठी असते. ती कडी केव्हाच वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसली; पण कोसळलेल्या आज्ञावलीची स्मृती जशीच्या तशी उतरवून घेण्याला आजही ‘कोअर डंप’ असेच म्हणतात. वस्तू गेली, शब्द राहिला.

कोअर डंपमध्ये एक मोठी उणीव होती. आकड्यांनी भरलेले कागदाचे गठ्ठे हाती येत आणि ते घरी नेऊन वाचावे लागत. तोवर रोगी दगावलेला असे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ‘टीएक्स-शून्य’ या यंत्राशी विद्यार्थ्यांना समोर बसून, टंकयंत्रावरून थेट बोलता येत असे. त्याच्यासाठी थॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांनी एक साधन लिहिले. यंत्र समोर असतानाच कप्प्याचे नाव टंकावे, त्यातील संख्या पाहावी, वाटल्यास तेथल्या तेथे बदलावी आणि आज्ञावली पुढे चालवावी, अशी त्यात सोय होती. आज्ञावलीतील चुकीला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे कीड म्हणतात. म्हणून या कीडनाशकाचे नाव त्यांनी ‘फ्लिट’ ठेवले. १९६१ साली पीडीपी-१ या यंत्रासाठी ॲलन कोटॉक याने तशाच साधनाची पुढची आवृत्ती लिहिली. तिचे नाव ‘डीडीटी’. त्या काळी आपल्याकडे घरोघरी फ्लिटचा पंप असे, आणि १९५३ पासूनच्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजनेत गावोगाव भिंतींवर डीडीटी फवारली जात होती. त्यामुळे या नावांतील विनोद मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये.

येथवर प्रश्न फक्त दृष्टीचा होता. यंत्राचा वापर एका वेळी एकच माणूस करी, आणि आपल्याच आज्ञावलीची स्मृती आपणच वाचण्यात कोणाचे काय बिघडणार? परंतु त्याच सुमारास ‘कालविभाजन’ ही पद्धत उदयास आली. फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९६१ साली तिचे प्रात्यक्षिक दाखवले. एकाच यंत्राचा वेळ सूक्ष्म तुकड्यांत वाटून अनेकांनी ते एकाच वेळी वापरावे, ही तिच्यामागील कल्पना. आता एका स्मृतीत अनेकांचे संसार थाटले गेले. एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम पुसले जाऊ नये, एकाचे कागद दुसऱ्याने वाचू नयेत, म्हणून चाळीतल्या खोल्यांप्रमाणे मध्ये भिंती घालाव्या लागल्या. पुढे प्रत्येक आज्ञावलीला स्वतःचे स्वतंत्र पत्ते देण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक प्रोसेसला संपूर्ण वाडा आपलाच आहे असे वाटते. शेजारी आहे याची तिला वार्ताही नसते.

भिंती उभ्या राहिल्या खऱ्या, पण वैद्याचे येणेजाणे खुंटले. चुका तर पूर्वीसारख्याच होत होत्या, किंबहुना वाढल्या होत्या. म्हणून भिंतीला खिडकी ठेवणे आणि त्या खिडकीला कडी लावणे, ही दोन्ही कामे एकाच कारागिराकडे आली. तो कारागीर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून रचत नेलेल्या ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ साली, ‘पीट्रेस’ नावाची सोय आली. जन्मदात्या प्रोसेसने आपल्या अपत्य-प्रोसेसला थांबवावे आणि तिच्या स्मृतीतील एकेक शब्द विचारून घ्यावा, अशी ती रीत होती. तीत शिस्त होती, पण काम विहिरीतून वाटीने पाणी काढण्यासारखे होते. एका मागणीला एकच शब्द मिळे, आणि तो त्या यंत्रावर अवघ्या दोन बाइटांचा असे.

१९८४ साली त्याच प्रयोगशाळेतील टॉम किलियन याने एक सुंदर तोड सुचवली. युनिक्समध्ये बहुतेक गोष्टी फायलींच्या रूपात दिसतात. मग चालू असलेली प्रोसेस ही देखील एक फाइल का असू नये? ‘प्रॉक’ नावाचे एक दालन कल्पावे, त्यात प्रत्येक चालू प्रोसेसच्या क्रमांकाची एक फाइल दिसावी, आणि ती उघडून हव्या त्या जागेपासून वाचू लागले की त्या प्रोसेसची स्मृतीच हाती यावी. तबकडीवर अशी कोणतीही फाइल नसते. विचारताक्षणी कार्यप्रणाली ती उभी करते. संहिता वाचण्याची जी रीत, तीच प्रयोग वाचण्याची झाली. आणि फाइल म्हटली की तिच्यावर मालकी आली, वाचण्याच्या परवानगीचा नियमही आला. अधिकाराचा प्रश्न वेगळ्या यंत्रणेने सोडवावा लागला नाही; फायलींचा जुना नियमच येथेही लागू झाला. ही कल्पना पुढे इतर युनिक्स प्रणालींत आणि लिनक्समध्ये गेली.

आज लिनक्सवर चालत्या प्रोसेसची स्मृती वाचावयाची झाल्यास याच दालनात जावे लागते. तेथे प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक खोली असते आणि खोलीत इतर अनेक फायलींबरोबर दोन महत्त्वाच्या फायली असतात. पहिलीचे नाव ‘मॅप्स’, म्हणजे नकाशा. दुसरीचे ‘मेम’, म्हणजे प्रत्यक्ष स्मृती. नकाशाची गरज अशी की, प्रोसेसला मिळालेला पत्त्यांचा प्रदेश अफाट असला तरी त्यातील बहुतेक भाग ओसाड असतो. नकाशाच्या प्रत्येक ओळीत एकेका वस्तीचा आरंभ आणि शेवट, तेथे वाचावयाची, लिहावयाची किंवा आज्ञा चालवावयाची मुभा आहे की नाही, आणि ती वस्ती कोणत्या कामाची आहे, हे दिलेले असते. पायथॉनसारख्या सोप्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट हा नकाशा ओळीओळीने वाचते, वाचण्याची मुभा असलेल्या वस्त्या निवडते, मग दुसरी फाइल उघडून त्या त्या पत्त्यावर जाते आणि तेथील बाइट उचलून आणते. नंतर त्या ढिगात हवे ते शोधावयाचे.

शोधणेही वाटते तितके सरळ नसते, कारण स्मृतीत शब्द नसतात, संख्या असतात. आणि कोणत्या संकेताने शब्दाच्या संख्या केल्या आहेत ते जाणल्यावाचून वाचन होत नाही. ‘पुणे’ हा शब्द घ्यावा. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दोन अक्षरे आणि त्यांच्या दोन खुणा, अशी चार चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात तो बारा बाइटांचा होतो. सोळा चिन्ही संकेतात तोच आठ बाइटांचा. एकाच प्रोसेसमध्ये तो एके ठिकाणी एका रूपात आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या रूपात सापडू शकतो. जुन्या दप्तरातील मोडी कागद वाचणाऱ्याला जशी लिपीची जाण हवी, तशी येथे संकेतांची जाण हवी.

दुसरी अडचण याहून खोल आहे. प्रोसेस चालू असते. स्क्रिप्ट एक टोक वाचून दुसऱ्या टोकाशी पोहोचेपर्यंत पहिले टोक बदललेले असते. अशा वाचनातून उभे राहणारे चित्र कोणत्याही एका क्षणाचे नसते. खातेवहीचे पहिले पान सकाळी आणि शेवटचे संध्याकाळी उतरवून घेतले, तर जमाखर्चाचा मेळ कसा बसावा? म्हणून सावध वाचक प्रोसेसला क्षणभर थांबवतो, वाचतो आणि पुन्हा चालू करतो. परंतु अनेक यंत्रांवर पसरलेले काम असे एका इशाऱ्याने थांबवता येत नाही. के. मणी चंडी आणि लेस्ली लँपोर्ट या दोघांनी १९८५ साली या अधिक कठीण प्रश्नाचे उत्तर दिले. यांपैकी चंडी हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. सारे आकाश व्यापून उडणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांचे चित्र एका छायाचित्रात मावत नाही. अनेक छायाचित्रे घेऊन ती जोडावी लागतात, आणि पक्षी तर उडतच असतात, असा दृष्टांत त्यांनी घेतला. सर्व तुकडे एकाच क्षणी टिपले नसले तरी एकमेकांशी विसंगत नाहीत, अशी खात्री देणारी रीत त्यांनी दाखवून दिली. चालत्या वस्तूचे खरे वर्णन करणे किती अवघड, हे यावरून ध्यानात येते.

आता अधिकाराचा प्रश्न. वैद्याने ज्या वाटेने जावयाचे, त्याच वाटेने चोर येतो. प्रोसेसच्या स्मृतीत काय नसते? तबकडीवर कुलूपबंद असलेला मजकूर वाचला जाताना तेथे उघडा होतो. गुप्त शब्द टंकला की तो तेथून जातो. बराच काळ लिनक्सवर असा नियम होता की, एकाच माणसाच्या प्रोसेस एकमेकींची स्मृती साधारणपणे वाचू शकतील. धनी एकच, मग हरकत कसली, हा त्यामागील विचार. पण एखादी खेळाची आज्ञावली आणि बँकेचा व्यवहार करणारी आज्ञावली यांचा धनी एक असला, तरी दोघींवर विश्वास सारखा कसा ठेवावा? म्हणून ‘यामा’ नावाची मर्यादा तयार झाली आणि २०१२ साली ती मुख्य लिनक्समध्ये सामील करण्यात आली. ती लावली असता जन्मदात्या प्रोसेसला आपल्या वंशजांत डोकावता येते. इतरांना यंत्राच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत दुसराही धडा मिळाला होता. आधीच्या वर्षी ‘मेम’ या फाइलीत लिहिण्याची मुभा पुन्हा देण्यात आली होती. तिच्यातील तपासणीच्या त्रुटीमुळे साध्या वापरकर्त्याला व्यवस्थापकाचे सारे अधिकार बळकावता येतात, असे आढळले. ती त्रुटी तातडीने दुरुस्त करावी लागली. खिडकीची कडी किंचित सैल राहिली, तरी घर लुटले जाऊ शकते.

कित्येकदा तर खिडकीचीही गरज पडत नाही. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, आधुनिक स्मृती वीज तोडल्याबरोबर कोरी होत नाही. काही सेकंद, आणि तुकडे थंड केल्यास काही मिनिटे, तिच्यातील मजकूर रेंगाळतो. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. इंटरनेटवरील असंख्य सेवक-संगणक जे सुरक्षा-साधन वापरत, त्यातच ती होती. दूरच्या माणसाने एक लहानसा शब्द पाठवावा, तो मोठा असल्याचे खोटेच सांगावे, आणि परत मागावा. त्या शब्दाबरोबर शेजारच्या स्मृतीतील मजकूर, एका वेळी ६४ किलोबाइटांपर्यंत, त्याच्या हाती येई. चालत्या प्रोसेसची स्मृती असे हे हजारो मैलांवरून, मागे खूण न ठेवता केलेले वाचन होते. कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे क्रमांक या मार्गाने गेले.

या पार्श्वभूमीवर २०१७ च्या मे महिन्यातील ती घटना पुन्हा पाहावी. वॉनाक्रायचे कुलूप दोन प्रचंड अविभाज्य संख्यांच्या गुणाकारावर आधारलेले होते. गुणाकार ६१७ अंकी, आणि तो सर्वांसमोर उघड होता. त्यावरून मूळ दोन संख्या काढणे हेच अशक्यप्राय काम. आज्ञावलीने त्या संख्या तयार केल्या, वापरल्या, आणि किल्ली नष्ट करण्याची रीतसर आज्ञाही दिली. तिच्या कर्त्यांची यात काही चूक नव्हती. पण विंडोज एक्सपी या जुन्या कार्यप्रणालीत ती आज्ञा पाळली जाताना कप्पे ‘रिकामे’ म्हणून नोंदले जात. आतील मजकूर मात्र पुसला जात नसे. गिने याने एक साधन लिहिले. त्या चालत्या प्रोसेसच्या स्मृतीतून १२८ बाइटांचा एकेक तुकडा उचलावयाचा आणि त्या संख्येने उघड गुणाकाराला निःशेष भाग जातो का ते पाहावयाचे. भाग गेला की एक संख्या सापडली; भागाकार हीच दुसरी, आणि त्यावरून किल्ली. बेंजामिन डेल्पी याने ही रीत विंडोज ७ पर्यंतच्या प्रणालींवर नेली. अट एवढीच की, संगणक बंद करून पुन्हा चालू केलेला नसावा आणि ते कप्पे मधल्या काळात दुसऱ्या कोणी वापरलेले नसावेत. घाबरून ज्यांनी यंत्र बंद केले, त्यांची किल्ली त्या क्षणी कायमची गेली.

या घटनेचे तात्पर्य सरळ नाही. विंडोजच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे विंडोज १० मध्ये, किल्ली टाकून देताना ते कप्पे पुसले जात, आणि हेच योग्य. कारण न पुसलेली स्मृती हीच चोराची खाण. परंतु अशा यंत्रावर वॉनाक्राय चालले असते, तर त्याची किल्लीही तितक्याच काटेकोरपणे पुसली गेली असती आणि गिने याच्या साधनाला हाती काही लागले नसते. जुन्या प्रणालीच्या ढिलाईने पीडितांना वाचवले. नव्या प्रणालीची दक्षता कोट्यवधी निरपराध माणसांचे रक्षण करते, आणि त्याच नियमाने अपराध्याचेही.

मँचेस्टरच्या त्या काचेच्या नळीतील भार क्षणार्धात विरून जाई आणि तो टिकवण्यासाठी यंत्राला अखंड धडपडावे लागे. आज स्थिती उलट आहे. लक्षात ठेवणे यंत्राला सोपे झाले आहे. विसरणे त्याला मुद्दाम शिकवावे लागते. आणि विसरावयाचे केव्हा, दाखवावयाचे कोणाला, हे यंत्र ठरवत नाही; ते त्याच्या भिंती, खिडक्या आणि कड्या रचणारी माणसे ठरवतात. वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहून चालत्या प्रोसेसची स्मृती वाचणारा विद्यार्थी या परंपरेचा वारस आहे. नाडी पाहण्याची विद्या त्याला सहज हाती आली आहे. नाडी पाहण्यापूर्वी रोग्याचा हात मागावा लागतो, ही त्या विद्येची दुसरी बाजू; ती मात्र कोणतीही स्क्रिप्ट शिकवत नाही.